घरच्या हाताच्या वाती

कावेरीने माडीवर माग आणून बसवला, तेव्हा कस्तुराबाईंना वाटलं होतं, चला, आता घरात साड्या होतील. कानडी मुलखातल्या चिकपेटच्या मागच्या गल्लीत, रंगाऱ्यांच्या घरात, कापडाबद्दल माणसाला दुसरं वाटणार तरी काय? साडी नाही तर नाही, निदान पंचे, टॉवेल, उशांचे अभ्रे. पण सुनेने वर्षभर खटखट करून जे काही विणलं, ते पाहून त्यांची बोलतीच बंद झाली. मध्ये मध्ये भोकं, कडांना लोंबणारे दोरे, आणि माप असं की ना नेसता यावं ना अंथरता यावं.

"हे कशाला ग?" त्यांनी विचारलं.

"बघायला, आत्ती."

बघायला! कस्तुराबाईंनी ही गोष्ट गल्लीभर केली. आमची सून कापड विणते, पण ते बघायचं असतं हं, हात पुसायला मागू नका. सांगताना तोंड वाकडं करायच्या आणि दुपारी कुणाचं लक्ष नाही असं पाहून, जिन्याच्या कठड्याला धरत, दोन पायऱ्यांवर तीनदा थांबत, माडीवर जाऊन बघूनही यायच्या. काय बघतो आहोत ते कळत नसे. तरी बघून आल्यावर बरं वाटे, हे मात्र त्यांनी गल्लीत सांगितलं नाही.

रत्नाकर, त्यांचा एकुलता एक, ब्याण्णव-त्र्याण्णवच्या सुमाराला कॉम्प्युटरच्या नोकरीवर अमेरिकेला गेला. जाण्याआधी घरात फोन बसवून गेला. व्हिसा आला की कावेरीला बोलावतो आणि बस्तान बसलं की अम्मा, तुलाही, असं म्हणून गेला. कस्तुराबाईंनी फोनला क्रोशाचं झाकण विणलं. आधी दर रविवारी फोन यायचा, मग सणावारी, मग सण होऊन गेल्यावर. व्हिसाचं काय झालं, हे विचारायचं कावेरीने कधी सोडलं ते कस्तुराबाईंना कळलंही नाही.

तो गेला त्याच वर्षी त्यांनी हिंगुळांबिकेला नवस बोलला होता. मुलगा परत घरी आला की देवीपुढे लाख वाती लावीन. त्यांच्या घराण्यात या नवसाची एक अट होती. वाती घरच्या हाताच्या हव्यात. बाजारच्या चालायच्या नाहीत, शेजारणीने हौसेने वळून दिलेल्याही नाहीत. घरच्या बाईने बसून, कापसातली सरकी-कचरा निवडून, बोटाला राख लावून स्वतः वळायच्या. सासूने अशाच वळल्या होत्या, सासूच्या सासूनेही.

दुपारची जेवणं आटोपली की त्या कापूस घेऊन मधल्या खोलीत बसत. कावेरी खाली पाणी प्यायला म्हणून यायची आणि बघत उभी राहायची. एके दिवशी ती चटईवर टेकली आणि तिने एक वात वळली. मग दुसरी. वात चांगली होती, पण कावेरी डावरी. तिचा फिरता हात डावा, त्यामुळे पीळ उलटा पडायचा. देवाच्या कामाला डावा हात! सासूबाई असत्या तर हातावर चापट बसली असती. कस्तुराबाईंनी तोंड उघडलं आणि मिटलं. एवढी शिकलेली, चित्रकलेच्या कॉलेजात जाऊन आलेली पोर खाली बसून वाती वळते आहे, तिला कुठे डावंउजवं करा.

मग रोजच बसू लागल्या दोघी. बोलणं फार नसे. कावेरी निपाणीकडची, तिच्या मराठीवर कस्तुराबाईंना हसू यायचं, आणि कस्तुराबाईंच्या "स्वल्प सरक ग"वर कावेरीला. मधेच कावेरी एखादी वात उजेडाकडे धरून म्हणे, "आत्ती, गाठ नाही, गोंद नाही, नुसता पीळ. नुसत्या पिळावर हे सगळं धरून राहतं." कस्तुराबाई म्हणत, "मग काय खिळे मारू?" पितळी डबा भरला की पत्र्याच्या पेटीत रिकामा होई. दोघींच्या वाती एकाच डब्यात पडत. अशा दुपारी कस्तुराबाई सुखी असत. मुलगा दूर होता, त्याची आठवण घशाशी यायची, पण समोर कुणीतरी बसलेलं होतं जिला तीच आठवण येत असणार, आणि तेवढ्याने घास उतरायचा.

मग अमेरिकेहून कागद आले. रत्नाकरला तिकडे कुणीतरी भेटली होती, मूलही व्हायचं होतं. कावेरीने कागद वाचले, वरच्या मजल्यावर गेली, सही करून खाली आली आणि पोस्टात टाकून आली. कस्तुराबाईंना वाटलं, आता ही बॅग भरणार. रात्रभर त्या कानोसा घेत राहिल्या. सकाळी उठून बघतात तर कावेरीने नेहमीसारखी कॉफी टाकलेली. त्यांच्या पेल्यात साखर कमी, तिच्या पेल्यात जास्त. दुपारी दोघी कापूस घेऊन बसल्या, जसं काही पोस्टात गेलं ते विजेचं बिल होतं.

हे असंच चाललं असतं. पण समोरच्या सकवारबाईंना चैन कुठलं? त्या एक दिवस हळदीकुंकवाला आल्या, पेटीकडे बघितलं आणि म्हणाल्या, "अक्का, एक विचारू? ती आता या घरची राहिली नाही ना? मग तिच्या हाताच्या वाती नवसाला कशा चालायच्या? तुमचंच नुकसान व्हायचं हो. इतकी वर्षं वळून पोरगा आलाच नाही, तर उद्या कुणाला बोल लावाल?"

कस्तुराबाईंनी त्यांना तिथल्या तिथे झटकून टाकायला हवं होतं. एरवी सकवारबाईंनी मीठ खारट आहे म्हटलं तरी त्या खरं मानत नसत. पण भीती वाईट. देवीने वातींकडे बघून तोंड फिरवलं तर? मुलगा केवळ या एका चुकीपायी सातासमुद्रापार अडकून पडला असेल तर? आईचं काळीज अशा वेळी अक्कल गहाण टाकतं.

कावेरी रंगाच्या कामाला होसकोटेला गेली होती. त्यांनी पेटी ओढली, चादर अंथरली आणि वाती निवडायला बसल्या. पीळ सुलटा, उजवीकडे. पीळ उलटा, डावीकडे. डोळ्यांना धार नव्हती, पण बोटांना होती. डाव्या बाजूचा ढीग वाढत गेला. एवढ्या वळल्या हिने? त्यांना कल्पनाच नव्हती. त्या ढिगाकडे बघताना त्यांना लाज वाटत होती आणि तरी हात थांबत नव्हते.

कावेरी लवकर परतली. दारात उभी राहून तिने दोन ढीग पाहिले. ती कापडातली बाई, तिला काय समजावून सांगायचं?

"देवाचं आहे ग," कस्तुराबाई कशाबशा म्हणाल्या. "मनात काही आणू नको."

"सरी," कावेरी कानडीत म्हणाली. बरं, एवढंच. तिने पायातल्या चपला काढल्या, वाकून डावीकडचा ढीग चादरीच्या टोकासकट गुंडाळला आणि छातीशी धरून वर नेला.

त्या दिवसापासून ती दुपारी खाली बसेना. जेवायला येई, दुखऱ्या गुडघ्यांना लावायचं तेल कोमट करून देई, औषधं आणून देई, सगळं होतं तसं होतं. फक्त चटईवर कस्तुराबाई एकट्या. वरून मागाचा आवाजही बंद झाला होता. त्या वर बघत आणि मनात एकच घोळे, ही जाणार. आज नाही तर उद्या जाणार. आणि थांब म्हणायला मला तोंड नाही. ज्याने हिला टाकलं त्याची मी आई, आणि वर हिच्या वाती निवडून बाजूला काढणारीही मीच. मुलाची वाट बघायची त्यांना सवय झाली होती. ती जुन्या दुखण्यासारखी अंगवळणी पडली होती. पण एकाच घरात राहणाऱ्या माणसाची वाट बघणं नवीन होतं, आणि ते सोसवत नव्हतं.

पावसाळा संपता संपता कावेरी म्हणाली, "आत्ती, कबन पार्कच्या बाजूला माझं प्रदर्शन आहे. येता का?"

येता का म्हणे. कस्तुराबाईंनी लग्नातली इरकल काढली. रिक्षावाल्याला दोनदा बजावलं, अण्णा, हळू चालव, साडी जुनी आहे.

आत पांढरी, उंच भिंतींची खोली होती. छतापासून जमिनीपर्यंत वाती लोंबत होत्या. एकीचं टोक दुसरीत पिळून अशा लांबच लांब सरी, शेकड्यांनी, आणि त्यांच्यामधून माणसांनी चालत जायचं. चालताना त्या गालाला, दंडाला हलकेच लागत. लोक आत शिरताना बोलत असत आणि मधोमध आले की गप्प होत. एक सुटाबुटातला म्हातारा डोळे मिटून तिथे बराच वेळ नुसता उभा होता. पलीकडे चटई अंथरली होती, कापूस आणि राख ठेवली होती. वाटेल त्याने बसावं, शेजारच्याकडून शिकावं, एक वात वळावी आणि आपल्या हाताने कुठल्याही सरीला जोडावी.

कस्तुराबाईंनी एक सर हातात घेतली. उलटा पीळ. ह्या त्याच. त्यांनी टाकून दिलेल्या. त्या एकेक सर बोटांतून सोडत पुढे सरकल्या आणि एका जागी थबकल्या. सरीच्या मधोमध, उलट्या पिळाच्या वातींमध्ये, एक सुलटी होती, त्यांच्याच बोटांची. पुढे आणखी एक. त्या दिवशी घाईघाईत निवडताना त्यांच्या स्वतःच्या काही वाती चुकून डाव्या ढिगात गेल्या होत्या. कावेरीला ते कळलं नसेल, हे शक्यच नव्हतं. पण तिने त्या निवडून काढल्या नव्हत्या.

त्यांना भरून आलं. बसायला जागा हवी म्हणून त्या चटईवर टेकल्या, आणि बसल्यावर हात रिकामे कसे राहणार? वळू लागल्या. कॉलेजच्या मुली भोवती जमल्या, त्यांचं बघून बघून वळू लागल्या. एक चष्मेवाली बाई, वर्तमानपत्रातली असावी, कौतुकाने वाकली आणि कानडीत म्हणाली, "नीवु अवर तायीना?" तुम्ही त्यांच्या आई का?

किती साधा प्रश्न. कस्तुराबाईंच्या हातातली वात थांबली. आई नाही. सासू? ते नातं तर सही करून पोस्टात गेलं. आणि सासू म्हणावं तर ही बाई पुढे विचारणार, मुलगा कुठे असतो? इथे, इतक्या मोठ्या लोकांत, कावेरीच्या मानाच्या दिवशी तिची ती जखम उघडी करायची? त्यांच्या डोक्यात एका क्षणात एवढं सगळं झालं आणि तोंडातून निघालं ते असं.

"नाही हो. मी त्यांच्या शेजारी राहते."

मान वर केली तर कावेरी समोरच उभी होती. तिच्या हातात कस्तुराबाईंसाठी आणलेला कॉफीचा कप होता. तिने तो चटईच्या कडेला ठेवला आणि ती दुसऱ्या कुणाशी तरी बोलायला निघून गेली.

परतीच्या रिक्षेत कस्तुराबाईंनी दोनदा बोलायचा प्रयत्न केला. दोन्ही वेळा ट्रॅफिकबद्दलच बोलल्या.

त्याच आठवड्यात फोन वाजला. कावेरीने उचलला. कस्तुराबाई स्वयंपाकघरातून ऐकत होत्या, "हो... बऱ्या आहेत... हो, समजलं... नाही, मला काही अडचण नाही... देते." तिने रिसीव्हर पुढे केला. तिच्या चेहऱ्यावर काहीही नव्हतं.

"अम्मा!" रत्नाकर ओरडत होता. "नाताळात येतोय आम्ही! मी, सोनल आणि छोटी. घरीच उतरणार!"

कस्तुराबाई भिंतीला टेकल्या. इतकी वर्षं हाच आवाज, हेच शब्द त्यांनी स्वप्नात ऐकले होते. आनंदाने त्यांना रडू फुटलं, आणि ते खरं रडू होतं. त्याचे केस पांढरे झाले असतील का? छोटी कुणासारखी दिसत असेल? पुरणपोळी खाईल का ती? त्या हसत होत्या, डोळे पुसत होत्या, "ये रे बाबा, ये" म्हणत होत्या. मग त्याने आवाज खाली केला.

"अम्मा, कावेरीशी बोललोय मी. ती तोवर दुसरीकडे जाते म्हणाली. सोनलला ऑकवर्ड नको व्हायला. शेवटी घर माझ्या नावावर आहे, आज ना उद्या हे करायचंच होतं. तू टेन्शन घेऊ नकोस."

फोन ठेवल्यावर त्यांनी जिन्याकडे बघितलं. वर काहीतरी सरकवल्याचा आवाज येत होता.

कावेरीने कोरमंगलाला जागा बघितली. तिकडे आता नवे नवे लोक राहायला येताहेत, खोल्या मिळतात, असं ती मोघम म्हणाली. कस्तुराबाईंनी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही. माग खोलून त्याची लाकडं जिन्याशी आली. दोऱ्यांच्या लडी जुन्या चादरींत बांधल्या गेल्या. सकवारबाई येऊन सांगून गेल्या, "बघा अक्का, निवडून काढल्या आणि लगेच गुण आला." कस्तुराबाईंनी त्यांना कॉफी विचारली नाही.

त्या पेटीपुढे बसल्या. आपल्याच हाताच्या, सुलट्या पिळाच्या, देवीला चालणाऱ्या वाती. मुलगा येणार, वाती लागणार. लाख ज्योती. मग तो परत जाणार. त्याची रजा ती किती, माणूस ती किती दिवस ताणणार? तो गेल्यावर या घरात सकाळी कॉफीचे पेले किती असतील, याचा विचार त्यांनी पहिल्यांदाच केला. आणि मग आणखी एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. इतक्या वर्षांत रत्नाकर "मी येतो" म्हणाला होता, "पैसे पाठवतो" म्हणाला होता. जातानाचं ते "तुलाही" सोडलं, तर "अम्मा, तू ये" असं तो एकदाही म्हणाला नव्हता. त्या वाट बघत होत्या ती त्याच्या येण्याची, असं जग समजत होतं, त्याही समजत होत्या. खरं तर कुणीतरी आपल्याला ये म्हणावं, एवढंच त्यांना हवं होतं. आणि तसं "येता का" म्हणणारं एकच माणूस होतं, ते वर सामान बांधत होतं.

त्यांनी डायरीतला लांबलचक नंबर एकेक आकडा बोटाने धरत फिरवला. आयुष्यात पहिल्यांदा त्या स्वतःहून अमेरिकेला फोन लावत होत्या. पलीकडे रत्नाकर झोपेतून उठला, घाबरला.

"काय झालं अम्मा? बरी आहेस ना?"

"बरी आहे. तुम्ही या. किल्ली सकवारबाईंकडे ठेवते. अंथरुणं धुऊन ठेवते, गॅस भरलेला असेल."

"आणि तू?"

"मी इथे नसेन."

"नसेन म्हणजे? कुठे जाणार आहेस?"

"माहीत नाही," कस्तुराबाई म्हणाल्या. "अजून विचारलं नाही मी."

"कुणाला विचारलं नाही? अम्मा, काय बोलतेस तू?"

"तू आलास की भेटायला ये रे. मी असेन तिथे ये. छोटीला घेऊन ये." आवाज फुटायला लागला तसा त्यांनी फोन ठेवून दिला. तो येईल की तिकिटं रद्द करील, त्यांना सांगता आलं नसतं. एवढ्या वर्षांचा नवस त्यांनी स्वतःच्या तोंडाने टांगणीला लावला होता.

मग त्या जिना चढल्या. कठडा धरून, थांबत, श्वास घेत. कावेरी एका गाठोड्यावर गुडघा टेकून दोरी आवळत होती. कस्तुराबाई दारात उभ्या राहिल्या. जे बोलायचं ते सोडून बाकी सगळं तोंडात येत होतं.

"तिकडे पाणी कसं आहे ग?"

"येतं सकाळी."

"आणि भाजी?"

"कोपऱ्यावर मिळते."

"डास असतील."

"इथे नाहीत का?" कावेरीने वर बघितलं. "आत्ती, काय हवंय तुम्हाला?"

कस्तुराबाईंनी पदर हातात घेतला, सोडला. "मला ठेवून घेशील का तुझ्याकडे?"

कावेरीच्या हातातली दोरी सुटली. ती बोलली ती चिडूनच. इतक्या वर्षांत ती पहिल्यांदाच त्यांच्यावर चिडली होती.

"त्या बाईला शेजारची का म्हणालात?"

"मग काय म्हणायला पाहिजे होतं? तूच सांग. काय आहे मी तुझी? तुझ्या लोकांत तुला खाली बघायला लागू नये म्हणून म्हणाले ग."

"मी खाली बघत होते का तिथे? तुमच्यासाठी कॉफी घेऊन येत होते." तिने सुटलेली दोरी परत हातात घेतली. "कोरमंगलाच्या त्या घरात वरच्या मजल्यावर मोठी खोली होती, आत्ती. गच्ची होती, दिवसभर उजेड. माग आरामात मावला असता. मी खालची घेतली. अंधारी, बाहेरच्या खोलीत माग लावला तर दार अर्धंच उघडतं. का घेतली असेल मी खालची?"

जिना चढून दुखू लागलेल्या गुडघ्यावर कस्तुराबाईंचा हात गेला.

"मग विचारलं का नाहीस?" त्या म्हणाल्या. "इतके दिवस सामान बांधतेस, एकदा विचारायचं नाहीस?"

"तुमचा मुलगा येतोय. माझ्या हाताच्या वातीसुद्धा तुम्हाला चालत नाहीत. मी कोण विचारणारी?"

"माझी," कस्तुराबाई म्हणाल्या.

पुढे सून म्हणायचं होतं की मुलगी, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं, आणि कावेरीने विचारलं नाही.